दहा बोटे, दोन लिपी : मुलांना घरी टायपिंग शिकवण्याच्या प्रश्नाचा आढावा

दहावीची परीक्षा संपली की सुट्टीत टायपिंगचा क्लास लावायचा, हा महाराष्ट्रातल्या कित्येक मध्यमवर्गीय घरांचा शिरस्ता होता. हातात प्रमाणपत्र असले तर पुढेमागे नोकरीला उपयोगी पडेल, एवढाच त्यामागचा हिशेब. तेव्हा वय पंधरा-सोळाचे असे, हस्ताक्षर केव्हाच घटवून झालेले असे आणि टाइपरायटरला घरी हात लावण्याचा प्रश्नच नसे. आज परिस्थिती उलटी आहे. क्लासचे वय येण्याच्या कितीतरी आधी मूल कुठला ना कुठला कळफलक हाताळू लागते, एका नाहीतर दोन बोटांनी आपली रीत बसवते आणि ती रीत पक्की झाल्यावर पालकांच्या लक्षात येते. मग प्रश्न सुरू होतात. हे शिकवायचे का? कितव्या वर्षी? दहाही बोटे वापरायलाच हवीत का? मराठीचे काय?

या प्रश्नांवर गेल्या शतकभरात संशोधकांनी, शिक्षणखात्यांनी आणि टायपिंग शिकवणाऱ्यांनी बरेच काही म्हणून ठेवले आहे. काही बाबतींत मतैक्य आहे, काहींत सरळ मतभेद आहेत, तर काही बाजूंना अजून कोणी फारसा हात घातलेला दिसत नाही. त्या सगळ्याची क्रमाने मांडणी करण्याचा हा प्रयत्न आहे.

पार्श्वभूमी : कारकुनी कौशल्य ते बालशिक्षण

आज आपण वापरतो तो इंग्रजी कळफलक क्रिस्टोफर शोल्सच्या यंत्रातून आला. रेमिंग्टन कंपनीने १८७४ साली ते बाजारात आणले. सुरुवातीची वर्षे लोक कळा बघून, जमेल त्या बोटांनी टाइप करत. २५ जुलै १८८८ रोजी अमेरिकेतल्या सिनसिनाटी शहरात झालेल्या एका स्पर्धेने हे चित्र बदलायला मदत केली. न्यायालयात लघुलेखक असलेल्या फ्रँक मॅकगुरिनने कळांकडे न पाहता टाइप करून लुई ट्रॉब या प्रतिस्पर्ध्याला सहज हरवले. ट्रॉब कळांकडे बघून टाइप करत असे आणि त्याचे यंत्रही वेगळ्या बनावटीचे होते. त्यामुळे जिंकली ती पद्धत की यंत्र, असा प्रश्न तेव्हाही विचारता आला असता. पण त्यानंतर न पाहता, सर्व बोटांनी टाइप करण्याची पद्धत व्यावसायिक शाळांमध्ये रूढ होत गेली.

भारतात टायपिंग हे कार्यालयीन कौशल्य म्हणूनच रुजले. गोदरेजने १९५५ साली देशी टाइपरायटर बनवायला सुरुवात केली आणि गावोगावच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये ‘एएसडीएफ’चा गजर घुमू लागला. महाराष्ट्रात या शिक्षणाला शासनमान्य प्रमाणपत्राची चौकट आहे. पुण्याची महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषद मिनिटाला ३० आणि ४० शब्द अशा टप्प्यांवर मराठी, हिंदी आणि इंग्रजीच्या परीक्षा घेते. लिपिक-टंकलेखकाच्या पदासाठी मराठी ३० आणि इंग्रजी ४० ही मर्यादा उमेदवारांना तोंडपाठ असते. गेल्या दशकात ही परीक्षा टाइपरायटरवरून संगणकावर आली. लहान मुलांचा विचार या चौकटीत कधीच नव्हता, कारण तिची रचनाच नोकरीच्या उंबरठ्यावरच्या तरुणांसाठी झाली.

लहान मुलांच्या हाती कळफलक देण्याचा पहिला मोठा प्रयोग अमेरिकेत झाला. बेन वुड आणि फ्रँक फ्रीमन या शिक्षणतज्ज्ञांनी प्राथमिक शाळांच्या वर्गांत टाइपरायटर ठेवून हजारो मुलांचा अभ्यास केला आणि १९३२ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. टाइपरायटर वापरणारी मुले जास्त मजकूर लिहीत, त्यांना लिहिण्याची गोडी लागे आणि त्यांच्या हस्ताक्षरावर वाईट परिणाम दिसला नाही, असा त्यांचा सूर होता. या प्रयोगाला टाइपरायटर बनवणाऱ्या कंपन्यांचे पाठबळ होते, हे मात्र वाचताना ध्यानात ठेवावे लागते. यंत्रे महाग असल्यामुळे तो विषय तिथेच थांबला.

घरगुती संगणक आल्यावर तो पुन्हा उघडला. १९८७ साली ‘मेव्हिस बीकन’ हा टायपिंग शिकवणारा संगणक-कार्यक्रम बाजारात आला आणि शिक्षकाशिवाय घरबसल्या टायपिंग शिकता येते ही कल्पना रूढ झाली. वेष्टनावरची ती हसरी बाई खरी शिक्षिका नसून काल्पनिक पात्र होती, हे अनेकांना नंतर कळले. पुढे सरकारेही यात उतरली. अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी स्वीकारलेल्या २०१०च्या ‘कॉमन कोअर’ अभ्यासमानकांनी चौथीच्या मुलाला एका बैठकीत किमान एक पान, पाचवीच्या मुलाला दोन आणि सहावीच्या मुलाला तीन पाने टाइप करता यावीत, अशी अपेक्षा लिहून ठेवली. फिनलंडने २०१६च्या अभ्यासक्रमात जोडून लिहिण्याच्या वळणाची सक्ती काढली आणि कळफलकावरच्या लेखनाला जागा दिली. या दोन निर्णयांनंतर वादाला खरी धार आली.

पहिला प्रश्न : हस्ताक्षर आधी की कळफलक?

हातानेच लिहावे असे म्हणणाऱ्यांचा मुख्य आधार मेंदूच्या अभ्यासांचा आहे. अमेरिकेतल्या इंडियाना विद्यापीठाच्या कॅरिन जेम्स आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली वाचायला न शिकलेल्या, साधारण पाच वर्षांच्या मुलांना अक्षरे हाताने काढायला, गिरवायला आणि टाइप करायला दिली. हाताने काढलेली अक्षरे नंतर पाहताना मुलांच्या मेंदूतली वाचनाशी निगडित केंद्रे अधिक जागी झाली, टाइप केलेल्या अक्षरांबाबत तसे दिसले नाही. अक्षराचा आकार स्वतः घडवताना जी ओळख होते, ती कळ दाबून होत नाही, असा याचा अर्थ लावला जातो. अक्षर-ओळखीच्या वयात हातानेच लिहावे, याबाबत आता फारसे दुमत उरलेले नाही.

त्यापुढच्या दाव्यांबाबत मात्र सावधगिरी हवी. नॉर्वेतल्या संशोधकांनी २०२४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात हाताने लिहिताना मेंदूच्या वेगवेगळ्या भागांतला संवाद टायपिंगपेक्षा व्यापक असल्याचे आढळले. जगभरच्या वृत्तपत्रांनी ती बातमी ‘टायपिंगने मेंदू सुस्तावतो’ अशा थाटात छापली. प्रत्यक्षात त्यातले सहभागी विद्यापीठातले तरुण होते आणि टायपिंग त्यांनी उजव्या हाताच्या एकाच बोटाने करायचे होते. त्यावरून दहा बोटांनी टाइप करणाऱ्या मुलाबद्दल काही सांगता येत नाही. तीच गत म्युलर आणि ओपनहायमर यांच्या २०१४च्या गाजलेल्या अभ्यासाची. हाताने टिपणे काढणाऱ्या विद्यार्थ्यांना विषय अधिक समजतो, असे त्यात म्हटले होते. २०२१ साली दुसऱ्या गटाने तोच प्रयोग पुन्हा केला तेव्हा लॅपटॉपवाले अधिक शब्दशः उतरवून घेतात हे दिसले, पण चाचणीतल्या गुणांत तसा फरक सापडला नाही.

दुसऱ्या बाजूचे म्हणणे असे, की अक्षरे पक्की झाल्यावर कळफलक शिकवायला उशीर करण्याने मुलाचे नुकसान होते. याचा सर्वांत बोलका पुरावा ब्रिटनमधल्या व्हिन्स कॉनेली आणि सहकाऱ्यांच्या २००७च्या अभ्यासात आहे. प्राथमिक शाळेतल्या ३१२ मुलांची गती त्यांनी मोजली. प्रत्येक वयोगटात हाताने लिहिण्याची गती टायपिंगपेक्षा जास्त निघाली. वरच्या वर्गांतल्या मुलांनी संगणकावर लिहिलेले निबंध तर त्यांच्याच हस्तलिखित निबंधांच्या तुलनेत दोन वर्षांपर्यंत मागे पडलेले वाटावेत, इतके कच्चे होते. या मुलांच्या हाताशी संगणक होता, पण टायपिंगचे रीतसर शिक्षण नव्हते. कळ शोधण्यात लक्ष गेले की वाक्य रचायला लक्ष उरत नाही, हा त्यामागचा तर्क. व्हर्जिनिया बर्निंजर यांच्या दुसरी, चौथी आणि सहावीच्या मुलांवरच्या अभ्यासातही पेनने लिहिलेले निबंध अधिक लांब निघाले होते.

गंमत अशी, की हे निष्कर्ष दोन्ही बाजू वापरतात. हस्ताक्षरवादी म्हणतात, बघा, पेन सरस ठरले. टायपिंगवादी म्हणतात, न शिकवल्यामुळेच मागे पडले. रीतसर शिकवलेल्या आणि न शिकवलेल्या मुलांची दीर्घकाळ तुलना केली तरच हा गुंता सुटेल. तोवर व्यवहारात एक मध्यममार्ग रुळला आहे. दुसरीपर्यंत कळफलकाची नुसती तोंडओळख, तिसरी-चौथीपासून रीतसर सराव आणि त्याच काळात हस्तलेखन चालूच. या वयाला एक शारीरिक आधारही आहे. नेहमीच्या कळफलकावर एका कळेच्या मध्यापासून शेजारच्या कळेचा मध्य सुमारे १९ मिलिमीटरवर असतो. सहा-सात वर्षांच्या मुलाची करंगळी तेवढ्या टप्प्यात सहज फिरत नाही, नऊ-दहाव्या वर्षी ती फिरू लागते.

आपल्याकडे याला आणखी एक बाजू आहे. दहावी-बारावीच्या बोर्डाच्या उत्तरपत्रिका हातानेच लिहायच्या असतात. प्रवेशपरीक्षा संगणकावर गेल्या तरी त्यांत मुख्यतः पर्याय निवडायचे असतात, परिच्छेद टाइप करायचे नसतात. त्यामुळे अमेरिकेतल्या पालकासमोर ‘शाळेच्या परीक्षेसाठी टायपिंग’ हे जे कारण असते, ते मराठी घरात आज लागू पडत नाही. इथे उपयोग सुरू होतो तो महाविद्यालयातल्या प्रकल्पांपासून आणि नोकरीपासून.

अपवाद एका गटाचा आहे. ज्या मुलांना हाताने लिहिणेच जड जाते, ज्यांची बोटे दुखतात किंवा लेखनदोषामुळे अक्षर लागत नाही, त्यांच्यासाठी कळफलक हे सोयीपेक्षा गरजेचे साधन ठरते. अशा मुलांना परीक्षेत लेखनिक मिळण्याची तरतूद आहे आणि केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ ठरावीक अटींवर संगणक वापरण्याची मुभाही देते. मात्र हळू टाइप करणाऱ्या मुलाच्या हाती ऐनवेळी संगणक देऊन लाभ होत नाही, सवलतीच्या कितीतरी आधी सराव व्हावा लागतो, यावर या क्षेत्रात काम करणाऱ्यांचे एकमत आहे.

दुसरा प्रश्न : दहाही बोटे हवीतच का?

टायपिंग इन्स्टिट्यूटच्या शिकवणीत याबाबत शंकेला जागाच नव्हती. प्रत्येक कळेचे बोट ठरलेले, मधल्या ओळीवर हात टेकलेले आणि नजर मजकुरावर. ‘एफ’ आणि ‘जे’ या कळांवरचे उंचवटे तर्जन्यांना जागा सांगण्यासाठीच असतात. या शिस्तीला पहिला गंभीर धक्का दिला तो फिनलंडच्या आल्टो विद्यापीठाने. ॲना फाइट आणि सहकाऱ्यांनी २०१६ साली ३० जणांच्या बोटांच्या हालचाली कॅमेऱ्यांनी टिपल्या. आपल्याच रीतीने, कमी बोटांनी टाइप करणारे काही जण प्रशिक्षितांच्या बरोबरीने वेगवान निघाले. वेग ठरत होता तो एका कळेसाठी नेहमी तेच बोट वापरण्यावर, हात कमी हलवण्यावर आणि पुढच्या कळेची तयारी आधीच करण्यावर. २०१८ साली याच विद्यापीठातल्या संशोधकांच्या सहभागाने ऑनलाइन चाचणीतून १ लाख ६८ हजार जणांची माहिती जमवली गेली. सरासरी वेग मिनिटाला ५२ शब्द निघाला आणि कोर्स केलेल्यांत व न केलेल्यांत फार तफावत दिसली नाही. अर्थात टायपिंगची चाचणी हौसेने द्यायला येणारी माणसे म्हणजे सर्वसामान्य जनता नव्हे, ही मर्यादा आहेच.

अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाच्या गॉर्डन लोगन यांचे निष्कर्ष जुन्या शिस्तीच्या बाजूने झुकतात. ठरलेली बोटे वापरणारे आणि स्वतःच्या रीतीने टाइप करणारे यांची त्यांनी २०१६ साली तुलना केली. पहिला गट अधिक वेगवान होता आणि कळफलक झाकल्यावर दुसऱ्या गटाची घसरण अधिक झाली. याच प्रयोगशाळेच्या आधीच्या एका अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली होती. सराईत टायपिस्टांना कोरा कळफलक दाखवून कोणते अक्षर कुठे आहे ते लिहायला सांगितले, तर बऱ्याच कळांच्या जागा त्यांना आठवेनात. बोटांना माहीत असलेले मनाला सांगता येत नव्हते. पेटी वाजवणाऱ्यालाही कोणत्या स्वराला कोणते बोट गेले हे विचारले तर थांबून आठवावे लागते, तसेच हे. म्हणूनच कळांचा नकाशा पाठ करून घेण्याने फारसे साधत नाही, प्रत्यक्ष शब्द टाइप करूनच कळा बोटांत बसतात, असे शिकवणारे सांगतात.

हे दोन्ही निष्कर्ष एकत्र वाचले तर विरोध वाटतो तेवढा नाही. नजर पडद्यावर ठेवता येणे आणि प्रत्येक कळेला तेच बोट जाणे, या दोन गोष्टींचे महत्त्व दोन्हीकडे मान्य आहे. करंगळीने ‘पी’ दाबलाच पाहिजे का, एवढ्यावरच मतभेद उरतो. शिवाय हे अभ्यास मुख्यतः प्रौढांवरचे आहेत. वर्षानुवर्षे रोज टाइप करून स्वतःची रीत घासून घेतलेल्या माणसाचा निष्कर्ष अजून कोणतीच सवय न लागलेल्या मुलाला जसाच्या तसा लावता येणार नाही. नव्याने सुरुवात करणाऱ्याला ठरलेली बोटे शिकवणे सोपे जाते, हे टायपिंग शिक्षकांचे अनुभवाचे मत आहे. मोजमापाने ते अजून पुरेसे तपासले गेलेले नाही.

तिसरा प्रश्न : घरी सराव कसा आणि किती?

इन्स्टिट्यूटमध्ये रोजचा तास ठरलेला असे आणि शेजारच्या यंत्राच्या आवाजानेही हात चालत. घरी तसे काही नसते. त्यामुळे पद्धतीइतकाच वेळापत्रकाचा प्रश्न महत्त्वाचा ठरतो आणि याबाबत एक जुना पण भक्कम अभ्यास हाताशी आहे. ॲलन बॅडली आणि लाँगमन यांनी १९७८ साली ब्रिटिश टपाल खात्यातल्या कर्मचाऱ्यांना टायपिंग शिकवताना चार गट केले. दिवसातून एकदाच एक तास बसणाऱ्या गटाला कळफलक आत्मसात करायला सर्वांत कमी तास लागले. दिवसाला दोन-दोन तासांच्या दोन बैठका करणाऱ्या गटाला सर्वांत जास्त. पण एकाच तासवाल्या गटाला दिवस अधिक लागल्यामुळे आपण मागे पडतो आहोत असे वाटे आणि तेच सर्वांत नाराज होते. घरासाठी यातला बोध सरळ आहे. थोडा थोडा, रोजचा सराव चांगला, पण त्यात प्रगती दिसत नाही म्हणून मूल कंटाळते, तेव्हा प्रगती दाखवण्याची सोय पालकांनी करायला हवी.

ती सोय सोपी आहे. टायपिंगमध्ये पाच ठोके म्हणजे एक शब्द धरतात. मुलाने पाच मिनिटांत हाताने किती उतरवले आणि पाच मिनिटांत किती टाइप केले, हे महिन्यातून एकदा वहीत टिपून ठेवावे. बाहेरच्या कोणाच्या विक्रमापेक्षा मुलाची स्वतःची हाताची गती हा पहिला टप्पा मानावा, असे अनेक शिक्षकांना वाटते, कारण ती गाठली की कळफलक विचाराच्या आड येईनासा होतो.

साधनांबाबत दोन मते आहेत. खेळाच्या रूपातले कार्यक्रम मुलांना बांधून ठेवतात, बीबीसीचा ‘डान्स मॅट टायपिंग’ हा सात ते अकरा वयासाठीचा कार्यक्रम याच विचाराने बनवला होता. ‘टायपिंगक्लब’सारखी संकेतस्थळे आणि ‘केटच’, ‘टक्स टायपिंग’सारखी मोफत सॉफ्टवेअरही आहेत. आक्षेप असा, की गुणांच्या आणि घड्याळाच्या नादात मूल वेगाकडे धावते, खाली बघते, चुका पुसत पुढे जाते आणि तीच सवय लागते. जुन्या शिक्षकांचा क्रम याच्या उलट होता. आधी अचूकता, मग ठेका, शेवटी वेग. हातावर रुमाल टाकून टाइप करायला लावणे ही त्यांची युक्ती आजही बिनखर्चाची आहे. व्यवहारात दोन्हींचा मेळ घालणारे अधिक आहेत, म्हणजे खेळ रोजच्या धड्यानंतरचा खाऊ म्हणून आणि धडा मात्र घड्याळाशिवाय.

बसण्याच्या पद्धतीबाबत वाद नाही. मोठ्यांच्या टेबल-खुर्चीत मुलाचे पाय लोंबकळतात आणि खांदे वर येतात. पायांखाली पाट, पाठीशी उशी, कोपर कळफलकाच्या उंचीला आणि मनगट अधांतरी सरळ, एवढे पुरते. पडद्यासमोरच्या एकूण वेळेची काळजी मात्र रास्त आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या २०२१च्या मार्गदर्शक सूचनांनुसार दोन वर्षांखालच्या मुलांना पडदा नको आणि दोन ते पाच वयोगटाला दिवसाला तासाभराहून अधिक नको. मोठ्या मुलांबाबत झोप, खेळ आणि अभ्यास यांच्यावर आक्रमण होऊ नये हा निकष आहे. रोजचा पंधरा-वीस मिनिटांचा सराव त्यात बसतो, पण तो मोबाइलच्या वेळेत भर म्हणून न देता त्यातून वळता केला तर.

चौथा प्रश्न : मराठीचे काय करायचे?

इथवरची सगळी चर्चा रोमन लिपीची. मराठी घरात मात्र मुलाला दोन लिपींत टाइप करायचे असते आणि खरा पेच इथे आहे. मराठी टायपिंगचे तीन मार्ग समोर आहेत व प्रत्येकाचे समर्थक आहेत.

पहिला रेमिंग्टनचा, म्हणजे जुन्या मराठी टाइपरायटरच्या आराखड्याचा. यात अक्षर जसे दिसते तसे टाइप होते. पहिली वेलांटी व्यंजनाच्या आधी येते आणि काही अक्षरे अर्ध्या रूपाला काना जोडून पूर्ण होतात. टायपिंगच्या क्लासांत आणि छपाईच्या धंद्यात त्याचा वावर दीर्घकाळ राहिला आहे. ज्या घरात आई-वडील किंवा काका याच पद्धतीने सराईत आहेत तिथे शिकवणारा घरातच मिळतो, हा त्याचा मोठा फायदा. तोटा असा, की हा आराखडा यंत्राच्या मर्यादांतून घडलेला आहे, त्यामुळे कोणते अक्षर कुठे याला नवशिक्याच्या दृष्टीने सुसूत्रता कमी.

दुसरा इन्स्क्रिप्टचा. केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ साली तो प्रमाण केला आणि संगणकात तो आधीपासूनच असतो. स्वर डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. ‘क’च्या कळेवर शिफ्ट दाबले की ‘ख’, ‘त’वर ‘थ’, ‘ग’वर ‘घ’. काना-मात्रेच्या कळेवर शिफ्ट दाबले की पूर्ण स्वर. बाराखडी शिकलेल्या मुलाला ही रचना लगेच उमगते. मधल्या ओळीवर बोटे टेकवली की डावीकडे ो, े, ्, ि आणि उजवीकडे र, क, त, च येतात. बोट जागचे न हलवता ‘तोच’, ‘कोरे’, ‘रक्त’ आणि चक्क ‘चित्र’ हे शब्द पहिल्या दिवशी टाइप होतात. उच्चाराच्या क्रमाने अक्षरे घ्यायची असल्याने वेलांटी व्यंजनानंतर येते. शिवाय हीच रचना इतर भारतीय लिपींनाही लागू असल्यामुळे हिंदी-संस्कृतसाठी वेगळे शिकावे लागत नाही. आक्षेप दोन आहेत. मराठीत पदोपदी लागणारी ‘ण’ आणि ‘ळ’ ही अक्षरे, तसेच शब्दाच्या सुरुवातीचे स्वर, शिफ्टशिवाय मिळत नाहीत. लहान हाताला ते जड जाते. आणि इंग्रजीसोबत हा दुसरा नकाशा बोटांत बसवायचा म्हणजे कष्ट दुप्पट.

तिसरा फोनेटिक, म्हणजे रोमन अक्षरांतून मराठी. मोबाइलवर आणि गुगलच्या साधनांतून तो घरोघर पोचला, विंडोजमध्येही २०१९पासून तशी सोय आली. इंग्रजी कळफलक येतो त्याला काही नवे शिकावे लागत नाही. परदेशातल्या मराठी शाळांमधल्या मुलांना तर हाच मार्ग जवळचा, कारण त्यांची बोटे रोमनलाच सरावलेली असतात. आक्षेप असा, की ‘न’ की ‘ण’, ‘ल’ की ‘ळ’, ऱ्हस्व की दीर्घ हे यंत्र सुचवते आणि मूल पहिला पर्याय स्वीकारून मोकळे होते. शुद्धलेखनाच्या वयात ही सवय परवडणारी नाही, असे मराठीच्या अनेक शिक्षकांना वाटते. उलट बाजू म्हणते, की पर्यायांतून योग्य रूप निवडणे हाही शुद्धलेखनाचाच सराव आहे आणि अजिबात मराठी न टाइप करण्यापेक्षा हे केव्हाही बरे.

कोणते आधी, इंग्रजी की मराठी, यावरही एकमत नाही. मराठी माध्यमाच्या मुलाला ओळखीच्या शब्दांवर सराव मिळावा म्हणून इन्स्क्रिप्ट आधी, असे एक मत. जगभरची मोफत साधने इंग्रजीत, म्हणून इंग्रजी आधी, असे दुसरे. एक नकाशा पक्का झाल्याशिवाय दुसरा हाती घेऊ नये, एवढे दोन्ही बाजू मानतात.

हाताशी साधन आहे का?

या चर्चेत बहुधा गृहीत धरले जाते की घरात संगणक आहे. राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणाच्या २०१७-१८च्या फेरीनुसार देशातल्या १०.७ टक्के घरांतच संगणक होता. शहरांत २३.४ टक्के, ग्रामीण भागात अवघा ४.४. स्मार्टफोन मात्र सर्वदूर पोचला आहे. ‘असर’ या शिक्षणस्थितीच्या अहवालासाठी २०२४ साली झालेल्या ग्रामीण पाहणीत १४ ते १६ वयाच्या सुमारे नव्वद टक्के मुलांनी घरात स्मार्टफोन असल्याचे सांगितले. त्यामुळे बहुसंख्य मुलांचा पहिला कळफलक काचेवरचा आहे. त्यावर मुले वेगवानही असतात. ३७ हजार जणांवरच्या २०१९च्या एका अभ्यासात मोबाइलवरचा सरासरी वेग मिनिटाला सुमारे ३६ शब्द निघाला आणि किशोरवयीनांनी मोठ्यांना मागे टाकले. मग वेगळा कळफलक कशाला, असे विचारणारे आहेत. लांब मजकूर लिहिणे, तो तपासणे आणि त्यात फेरफार करणे काचेवर त्रासाचे होते, हे त्यावरचे उत्तर. संगणक नसलेल्या घरात एक वाट अशीही आहे, की अँड्रॉइड फोनला छोट्या जोडणीने साधा कळफलक लावता येतो आणि तो काही शे रुपयांत मिळतो.

बोलून लिहिता येत असताना?

शेवटचा आक्षेप सर्वांत नवा आहे. गुगलने २०१७ साली आवाजी टंकलेखनात मराठीचा समावेश केला. आता तर यंत्र मसुदाही करून देते. मग दहा बोटांचा खटाटोप कशासाठी? समर्थक म्हणतात, बोलून मजकूर उतरवता येतो, पण वाचत, खोडत, वाक्य फिरवत लिहिणे हाताशिवाय होत नाही. वर्गात, वाचनालयात, चार माणसांत बोलून लिहिता येत नाही. संगणकाला सूचना देणेही बहुतांशी टाइप करूनच चालते. विरोधक म्हणतात, आजचे मूल नोकरीला लागेपर्यंत हे सगळे बदललेले असेल. येणारी वीस वर्षे कशी असतील याची खात्री कोणालाच देता येत नाही, पण हे कौशल्य मिळवायला लागणारी किंमत काही महिन्यांची रोजची पंधरा मिनिटे आहे, हे तोलताना लक्षात घ्यावे.

शिल्लक प्रश्न आणि निष्कर्ष

एकूण हिशेब असा मांडता येतो. अक्षर-ओळखीच्या वयात हातानेच लिहावे, हे ठरल्यासारखे आहे. त्यानंतर न शिकवता नुसता संगणक हाती दिल्याने मुलाचे लेखन सुधारत नाही, हेही बऱ्यापैकी स्पष्ट आहे. थोडा आणि रोजचा सराव लांब बैठकीपेक्षा चांगला, याला आधार भक्कम आहे, जरी तो प्रौढांवरचा असला तरी. सुरुवातीचे नेमके वय, दहाही बोटांची आवश्यकता आणि लहानपणी मिळालेले कौशल्य किती टिकते, हे प्रश्न उघडे आहेत.

सर्वांत मोठी पोकळी देवनागरीची आहे. या लेखात आलेला प्रत्येक प्रयोग रोमन लिपी वापरणाऱ्यांवर झालेला आहे. वेलांटी आधी की नंतर, शिफ्टचा भार मुलाला किती पेलतो, फोनेटिकने शुद्धलेखन बिघडते की सुधारते, यांची उत्तरे आज मतांवर चालली आहेत. ती मोजून मिळू शकतात. त्यासाठी मोठी प्रयोगशाळाही लागत नाही, काही शाळा, दोन-तीन वर्षे आणि नीट ठेवलेल्या नोंदी पुरतील. शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी, परीक्षा परिषदेने आणि टायपिंग शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या शिक्षकांनी एकत्र येऊन हे काम हाती घ्यावे.

तोवर पालकांनी चौथीच्या आसपास सुरुवात करावी, वही-पेन्सिल चालू ठेवावी, एकच आराखडा निवडून त्याला चिकटून राहावे, नजर पडद्यावर राहील एवढ्यावर कटाक्ष ठेवावा आणि वेगाची घाई करू नये. मराठीसाठी निवड करायची झाली आणि घरात रेमिंग्टन येणारे कोणी नसेल, तर आजच्या माहितीवर इन्स्क्रिप्टचे पारडे जड आहे.